घरबसल्या एमएसडब्ल्यू

गल्लीतल्या पोरी हल्ली मला विचारायला येतात. "काकू, मला समाजसेवेच्या लाईनीत जायचंय. एमएसडब्ल्यू ऑनलाईन कुठून करू?" हातात मोबाईल, त्यावर चार-चार विद्यापीठांच्या जाहिराती. मी त्यांना बसवते, चहा टाकते आणि आधीच सांगून टाकते, मला विचारू नका बायांनो, मी निवडलेल्या डिग्रीनं एका बाईचा जीव घेतलाय. त्या हसतात. काकूची बोलायची पद्धतच तशी, असं त्यांना वाटतं. पद्धत माझी तशीच आहे, खरं आहे. पण हे मी गमतीनं म्हणत नाही.

मी पालमची सून. बीए झालेली, नवरा शाळेत क्लार्क, मुलगी तिसरीत. घरातलं उरकलं की दुपार खायला उठायची. गंगाखेडला बायकांसाठी एक समुपदेशन केंद्र होतं, तिथं जागा निघणार असल्याचं कानावर आलं. अट एकच, एमएसडब्ल्यू पाहिजे. मला बायकांसाठी खरंच काहीतरी करायचं होतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगते, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. नुसती पगारासाठी गेले असते तर निदान इतकी शहाणी तरी झाले नसते.

दोन वाटा होत्या. एक परभणीच्या अभ्यासकेंद्रातली. बाकी शिक्षण घरी, पण आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष जाऊन बसायचं आणि रोजचं लिहून तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना दाखवायचं. त्या बाईंना मी भेटून आले. पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. म्हणाल्या, "पहिलं वर्ष तुम्ही नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, समजूत घालायची नाही. बाई काय बोलते आणि काय बोलत नाही, एवढंच टिपायचं." मी वरवर मान हलवली. आतून म्हटलं, अगं बाई, ऐकायला काय शिकायचं असतं? कान तर जन्मताच मिळालेत. आणि माझ्यासारखीनं वर्षभर गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच की!

दुसरी वाट दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची. सगळं मोबाईलवर, परीक्षासुद्धा. ती मला स्टँडजवळच्या मल्टी सर्व्हिसेसवाल्यानं दाखवली. आमच्याकडं जात प्रमाणपत्रापासून पीकविम्यापर्यंत सगळ्यांचे फॉर्म तोच भरतो, त्यामुळं कुणी काय शिकावं हेही तोच सांगतो. "ताई, परभणीच्या नादी कामून लागता? इथं फील्डवर्कची कटकट न्हाई. रिपोर्ट तेवढा द्यायचा, तो माझ्यापाशी तयार हाय. नुसता हातानं उतरून काढा."

घरी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "अगं, कागद कागदच असतो. तू एस.टी.त धक्के खाल्ले का मोबाईलवर शिकली, हे कोण विचारायलंय?" खोटं कशाला बोलू, मला हेच ऐकायचं होतं. मी घरबसल्याची वाट धरली.

तो तयार रिपोर्ट कुणाचा होता देव जाणे. त्यात समुद्र होता! कोळ्यांची वस्ती, जाळी, होड्या, दारू पिणारे नवरे. आता पालममध्ये समुद्र कुठून आणू? मग मीच डोकं चालवलं. येलदरीच्या धरणात मासेमारी चालते हे ऐकून होते. जिथं जिथं समुद्र होता तिथं येलदरी धरण लिहिलं. मी येलदरी आजतागायत बघितलेली नाही. एका ठिकाणी भरती-ओहोटी तशीच राहून गेली, तरी तपासणाऱ्यानं मार्क दिले. पंधरा दिवस मी जेवणाच्या टेबलावर बसून निळ्या पेनानं लिहीत होते. शेजारी मुलगी गृहपाठ करायची. एकदा म्हणाली, "आई, तू पण बघून लिहितीस?" मी तिला म्हटलं, गुमान आपलं लिही.

त्या रिपोर्टात बारा बायकांच्या बारा केसेस होत्या आणि सगळ्यांचा शेवट एकच. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले, समजूत घातली, अर्जदार नांदण्यास तयार झाली, समेट झाला, केस बंद. बारा वेळा स्वतःच्या हातानं लिहिल्यावर ते डोक्यात बसतंच. मला वाटलं, समाजकार्य म्हणतात ते हेच.

डिग्री आली, नोकरी लागली. पालमहून सकाळची गाडी धरायची, गंगाखेडला उतरायचं. केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक कपाट. त्या कपाटात मी माझ्या हौसेनं नारळ, खण, तांदूळ, हळदी-कुंकू ठेवलं होतं. समेट झालेली बाई इथून निघताना तिची ओटी भरायची, माहेराहून निघाल्यासारखी तिला पाठवायची. ही माझीच कल्पना. सगळ्यांनी लय वाखाणली. ओटी भरतानाचे फोटो मी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायची आणि खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागायची.

ती आली तेव्हा उसाचा हंगाम चालू होता. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. जवळच्याच एका गावची सून, घरचा ऊस, बरी खाऊनपिऊन असलेली माणसं. एकटीच आली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. खुर्चीच्या काठावर बसली आणि एवढंच म्हणाली, "म्याडम, मला घरी जायचं न्हाई."

"का गं? काय झालं?"

"काय न्हाई. पण जायचं न्हाई."

मी थांबायला पाहिजे होतं. दार लावून, पाणी देऊन, तास दोन तास गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला बोलल्याशिवाय राहवतं कुठं! मी संसार समजावला, लेकरांचं भविष्य समजावलं. तिला लेकरूच नव्हतं, हेही मी विचारलं नव्हतं. ती खाली बघत राहिली. मग मी तिच्याकडून नवऱ्याचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावला. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं होतं ना! फोनवर मी बोलायला लागले तशी तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि त्यानंतर परत बघितलं नाही.

नवरा आला, सासरा आला, संगं गावातली दोन वजनदार माणसं. मी सगळ्यांना चहा मागवला. माहेरच्यांना बोलवायचं मला सुचलंच नाही. मी उतरवलेल्या बारा केसेसमध्ये कुणालाच माहेर नव्हतं. सासरा मोठा गोड माणूस. "म्याडम, आमी सुनेला लेकीवानी ठिवतो. इचारा तिलाच." मी विचारलं, त्या चौघांसमोर विचारलं, "बाई, तुला काही त्रास आहे का?"

"न्हाई."

"नांदतीस ना मग?"

"नांदते," ती म्हणाली.

नांदते. आपल्याकडं चार बाप्यांसमोर, सासऱ्यासमोर, सून याशिवाय दुसरं काय म्हणणार हो? हे मला शाळेत न जाता कळायला पाहिजे होतं. मीही सूनच आहे. पण मी फॉर्म पुढं ओढला आणि लिहिलं, अर्जदारास कोणताही त्रास नाही, नांदण्यास तयार, समेट झाला.

मग कपाट उघडलं. तिला उभं केलं, कुंकू लावलं आणि म्हटलं, पदर घे पुढं, ओटी भरते. ती हलेना. सासरा म्हणाला, "घे की माय, म्याडम येवढ्या मायेनं करायल्यात." तिनं गळ्याभोवतीचा पदर सोडवला आणि ओंजळीवर पसरला. तेव्हा मला तिचा गळा दिसला. कानाखालून पुढंपर्यंत काळेनिळे वळ, बोटांचे. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

मी पाहिलं. हे मला कुणी तरी मारून विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी विचारलंच नाही. माझ्या हातात नारळ होता. बाहेर त्यांची जीप चालू करून ठेवलेली, माणसं पायात चपला घालून उभी, फॉर्मवर सह्या झालेल्या. इतकं सगळं जुळून आलेलं मोडायचं कसं, असं मला वाटलं. देवाशपथ, तेवढंच वाटलं. मी तिच्या पदरात नारळ ठेवला, तांदूळ घातले, आणि पदराचं दुसरं टोक ओढून तिचा गळा मीच झाकला. ती वाकून माझ्या पाया पडली. त्या दिवशीचा फोटो मात्र मी ग्रुपवर टाकला नाही.

नवव्या दिवशी ती गेली. सासरचे म्हणाले, फाशी घेतली. माहेरचे म्हणाले, मारून लटकवली. मी दोन दिवस जेवले नाही. नवरा म्हणाले, "तुझा काय दोष? तू तर समेट केला." त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की हातातलं ताट मी मोरीत भिरकावलं.

केस परभणीच्या कोर्टात उभी राहिली आणि मला बोलावणं आलं. साक्ष सासरच्यांच्या बाजूनं! त्यांचा वकील माझाच फॉर्म घेऊन उभा होता.

"तुमचं शिक्षण?"

"एमएसडब्ल्यू."

"म्हणजे छळ झालेली बाई ओळखण्याचंच शिक्षण ना?"

मी त्याच्या हातातल्या फॉर्मकडं बघितलं.

"गळ्यावर काही खूण असती तर तुम्ही लिहिली असती?"

घरून निघताना नवऱ्यानं बजावलं होतं, कागदावर हाय तेवढंच बोल, नोकरी जाईल. तरी मी म्हटलं, "खूण होती साहेब. मी पाहिली. लिहिली नाही."

वकील जराही चिडला नाही. त्यानं फॉर्म माझ्यापुढं धरला. "ही सही तुमची? हे अक्षर तुमचं? मग तेव्हा खोटं लिहिलंत, का आज खोटं बोलताय?"

"तेव्हा," मी म्हटलं. पण ते कागदावर होतं आणि हे नुसतं तोंडचं होतं. केस अजून चालू आहे. नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली.

कोर्टातून बाहेर आले तर झाडाखाली तिची आई बसलेली. तिला मी आत मागच्या बाकावर पाहिलं होतं, कुणीतरी ओळखून सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल, अंगावर येईल. यावं तिनं, असंही वाटलं. ती उठली, पदर सावरला, माझ्याजवळ आली. आवाज अगदी हळू, चौकशी केल्यासारखा.

"बाई, तुमाला दिसलं व्हतं म्हणता. तवा तिला हाताला धरून ठिवायचं व्हतं. मी आले असते न्यायला, सांजच्या गाडीनं आले असते. मला फोन आला असता तर मी पायी आले असते." मग म्हणाली, "दिसलं व्हतं, तर मंग वटी कामून भरली?"

तिनं बराच वेळ वाट पाहिली, खरंच उत्तर मिळेल असं तिला वाटत होतं. मग पिशवी उचलून ती गेटाकडं गेली.