किट्टूचा उंबरा

घरात म्हातारी माणसं जास्त झाली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, केरासारखे साठत जातात. मी इंटरमीजिएट अर्धवट सोडून कुंभकोणमला घरी बसलो होतो, त्यामुळे हा केर माझ्याच वाट्याला आला. सोबत भाचाही. किट्टू. वर्षाचा होऊन गेला तरी चालेना. "घरात दोन नापास," असं अज्जा, म्हणजे आमचे आजोबा, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

यापायी अक्का, म्हणजे किट्टूची आई, अडकली होती. बाळंतपणाला माहेरी आली ती आलीच. तिरुभुवनमहून सासूचा निरोप होता, "आमच्या घराण्यात मुलं वर्षाच्या आत चालतात. हा स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडेल तेव्हा न्यायला येऊ." अक्काची ट्रंक भरून कोपऱ्यात उभी. नवरा आईपुढे तोंड उघडत नव्हता. तो बोलायला कधी लागला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

*

मूल पालथं पडलं की पोळ्या, उंबरा ओलांडला की कोळुकट्टै, म्हणजे उकडीचे मोदकच, पण बिनकळ्यांचे. ते गल्लीभर वाटायची तमिळ शेजाऱ्यांची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्या मराठी लोकांनी कधीच उचलली होती. खाण्याचं काही असलं की आमचे लोक लगेच शिकतात.

किट्टू पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा खोलीत मी एकटा होतो. धावत जाऊन सांगितलं.

"तुझी साक्ष चालणार नाही," अज्जा म्हणाले. निवडणुकीत मत देऊन आल्यापासून सगळ्याचे निकाल तेच देत.

पोराला परत उताणं केलं आणि सगळे भोवती बसले. पलीकडे जायला मी त्याच्यावरून पाय टाकला तर अज्जा गरजले, "ओलांडू नकोस रे! वाढ खुंटते मुलाची." तेवढ्यात किट्टू झोपला. मग त्याला कळावं म्हणून अज्जा स्वतः शेजारी आडवे झाले आणि कण्हत कण्हत पालथे पडले.

पोळ्या झाल्या. कुणीतरी पडलं होतं ना पालथं.

*

पुढे किट्टू रांगायला लागला, पण उलटा. समोरून हाक मारली की हसत हसत मागे पलंगाखाली. तो जवळ यायला हवा असेल तर त्याच्या पाठीमागे जाऊन बसावं लागे.

"मामावर गेलाय," अज्जा म्हणाले.

"मामा निदान कुठेतरी जातो," मी म्हणालो. "तुम्ही पेन्शन लागल्यापासून त्याच ओट्यावर आहात."

अज्जांनी मग शक्कल लढवली. किट्टूची पाठ दाराकडे केली आणि समोरून हाक मारली. पोरगं सरकत सरकत उंबऱ्यावरून ओट्यावर! गल्लीत वाद पेटला, हे ओलांडणं धरायचं की नाही. शेजारच्या पट्टम्माळ मामी म्हणाल्या, "पाय बाहेर गेले खरे, पण तोंड घराकडेच होतं."

अज्जांनी निकाल दिला, अर्धं धरायचं. कोळुकट्टै गल्लीच्या एकाच बाजूला वाटले. दुसरी बाजू कित्येक दिवस अज्जांशी बोलत नव्हती.

*

अक्का रडकुंडीला आली तेव्हा मी तिला आणि किट्टूला म्युनिसिपल दवाखान्यात नेलं. अज्जा न बोलावता आले. डॉक्टरीणबाईंनी किट्टूला उभं धरलं, टाळी वाजवली, खुळखुळा फिरवला. "हाक मारली की वळतो, धरलं की उभा राहतो. आज ना उद्या चालेल. घाई तुम्हाला झालीय, त्याला नाही."

बाहेर आल्यावर अज्जा म्हणाले, "लग्न तरी झालंय का त्या डॉक्टरणीचं?"

*

चालत नाही तर निदान बोलावं, जीभ हलकी व्हावी म्हणून किट्टूला वेखंड चाटवायचं ठरलं. त्यानं थुंकून टाकलं. "यात काय आहे न खाण्यासारखं," म्हणत अज्जांनी भलामोठा तुकडा स्वतः चघळला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

वेखंड गुणकारी आहे, हे मला मान्य करावं लागलं.

*

आणि एका सकाळी अक्काची सासू न कळवता घोड्याच्या जटक्यातून उतरली. झोपाळ्यावर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"चालतो का?"

"चालतो? धावतो," अज्जा म्हणाले. अक्कानं डोळे मिटून घेतले.

"दाखवा."

किट्टूला उंबऱ्यापाशी उभं केलं. तो बसला. परत उभं केलं. परत बसला. गूळ दाखवून झाला, घंटी वाजवून झाली. सासू पदर सावरून उठायला लागली तसे अज्जा घाईघाईनं गुडघ्यांवर आले. "बघ राजा, असं," म्हणत हात उंबऱ्यापलीकडे टाकले, आणि तिथेच त्यांची कंबर धरली. हात बाहेर, पाय आत, दारात आडवे. पुढेही जाईनात, मागेही येईनात.

एवढं मोठं माणूस आपल्या उंचीला आलेलं किट्टूनं जवळून प्रथमच पाहिलं असावं. तो खिदळला, अज्जांचं धोतर धरून उठला, मग धोतर सोडून त्यांच्या कडेकडेनं पावलं टाकत चौकटीच्या उरलेल्या फटीतून उंबऱ्यापलीकडे गेला. समोर तोंड करून. बाहेर पोचल्यावर त्यानं अज्जांची शेंडी ओढली.

सासूनं एकदा नातवाकडे पाहिलं, मग अक्काकडे. "ट्रंक घे. जटका उभाच आहे."

अक्कानं ट्रंक उचलली, दारापर्यंत आली आणि थांबली. दारात अज्जा होते.

"ओलांडू नकोस ग," अज्जा खालून कळवळले.

सासूनं निऱ्या उचलल्या. "ओलांड बिनधास्त. यांची वाढ व्हायची तेवढी झालीय."