भाऊसाहेबांच्या भिंतीवरचं नाव

बर्वे भाऊसाहेब रहस्यकथा वाचायला बसले की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. शेजारी चुलीतला विझलेला कोळसा. गोष्ट निम्मी झाली की उठायचे आणि ज्याचा संशय येईल त्याचं नाव भिंतीवर लिहायचे. नावाखाली 'हेतू' आणि त्यापुढे कारण. अंदाज चुकला तर ओल्या फडक्याने पुसायचे, बरोबर आला तर नाव तसंच राहायचं. घरमालक भिंतीवरून कुरकुरला की म्हणायचे, "अहो, इतके खुनी मी इथे बसून पकडले. तुमच्या फौजदाराला एक तरी सापडला का?"

संस्थान विलीन झालं तेव्हा जव्हारच्या कचेरीत देशावरून नवे कारकून आले, त्यांतले हे एक. एकटा जीव, बारीक अंगाचे, आणि आमच्या जंगलाला भयंकर भिणारे. पानं वाजली तरी दचकायचे. तरी वाचायचं ते खून आणि विषप्रयोगच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काळू, पुस्तकातली भीती बरी. तिला शेवटचं पान असतं."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मध आणि हिरडा घेऊन मोटारीने नाशिकला जायचो. येताना फुटपाथवरून घासाघीस करून जुन्या रहस्यकथा आणायचो, त्यांच्यासाठी. फुकटची सेवा मी कोणाची केलेली नाही. उतारावरचा आमचा नाचणीचा तुकडा बापाने दरबारच्या तोंडी परवानगीवर कसला होता. नव्या दप्तरात तो जंगल म्हणून लागला, आणि ते अक्षर भाऊसाहेबांचं होतं. माणूस एकटा आहे, खाण्याचे हाल आहेत, हे मी हेरलं आणि आईला त्यांच्या स्वयंपाकाला लावलं.

आई भडकली. "ज्यानं आपला डोंगर खाल्ला, त्याला मी रांधून घालू? त्याचा हात झडो!"

"घाल मुकाट. पोट भरलं की कागद हलतो," मी म्हणालो.

कागद हलला नाही. पण संध्याकाळी भाऊसाहेब मोठ्याने वाचायचे आणि मी ऐकायचो. ऐकता ऐकता अक्षरं जुळवायला त्यांनीच मला शिकवलं. "गोष्टीत सगळे गोड बोलतात," ते सांगायचे, "तू बोलण्याकडे बघू नकोस. हेतू बघ." पुढे मी जो धंदा उभा केला तो या एका वाक्यावर. समोरचा काय बोलतो ते मी ऐकतच नाही; त्याला काय हवं आहे ते बघतो.

त्या वर्षी भात नुकतं निसवलं होतं, कापणी लांब होती आणि घरात दाणा नव्हता. अशा दिवसांत आमच्याकडे कडूकंद खातात. कच्चा खाल्ला तर माणूस आडवा होईल असा तो कंद. पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून वाहत्या ओहोळात ठेवायच्या. कडवटपणा पाण्याबरोबर गेला की खायच्या. किती वेळ ठेवायच्या ते बाईच्या हाताला कळतं. भाऊसाहेबांच्या घरामागे ओहोळ होता, म्हणून आईने कंद तिथेच चिरायला घेतले. शेजारची शेळी तोंड घालायला आली तशी आईने तिला हाकललं, "व्हय तिकडं! मरशील खाऊन!"

खिडकीत भाऊसाहेब होते. हातातल्या गोष्टीत एका जमीनदाराला घरातलंच कोणी रोज थोडं थोडं विष घालत होतं.

दोन दिवसांनी दुपारी कचेरीतला शिपाई मला धावत बोलवायला आला. मी पोचलो तर भाऊसाहेब भिंतीला चिकटून उभे. चेहरा पांढरा. समोर ताटलीत मीठ लावलेले कंद. दारात हवालदार, तोही नगरकडचा, नवा. आई चुलीपाशी उकिडवी बसलेली.

"मी डोळ्यांनी पाहिलं," भाऊसाहेब म्हणाले. "ती स्वतः म्हणाली, खाऊन मरशील. आणि आज तेच मला आग्रहाने वाढते आहे!"

"अवं, ते कच्चं होतं," आई म्हणाली. "आता धुतलंय. आमचं खाणं तुमाला चाखवावं म्हटलं."

"चल, ठाण्यात सांग काय ते," हवालदार म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच भिंतीकडे नजर गेली. ताज्या कोळशाने आईचं नाव लिहिलं होतं: पारी. हेतू: जमीन. त्याखाली: काळू? दरबारच्या काळात कोणाच्या पाया पडायचं ते ठाऊक होतं. या नव्या सरकारात आईला एकदा नेलं तर विचारायचं कोणाला?

आईला वाचता येत नव्हतं. तिने ताटली उचलली आणि माझ्यापुढे धरली. "तू खा रं. दाव त्यांना."

जन्मभर खाल्लेली वस्तू. एक चकती तोंडात टाकली असती तर तिथेच मिटलं असतं. पण माझ्या डोक्यात तिचे शब्द आले, त्याचा हात झडो. पाऊस लवकर उघडला होता, ओहोळाला पाणी कमी होतं, तेही आठवलं. ही चिडली होती. हिला हेतू होता. माझा हात उठला नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग ताटली मागे घेतली आणि सगळे कंद एकेक करून खाल्ले. हवालदार म्हणाला, थांबू, विष चढायला वेळ लागतो. ऊन अंगणातून कुडापर्यंत सरकलं तोवर आम्ही तिघे पुरुष एका बाईचा श्वास मोजत बसलो. मग ती उठली, ताटली राखेने घासली आणि म्हणाली, "जाऊ ना मी?"

भाऊसाहेबांनी तिच्यापुढे हात जोडले. फडकं घेऊन भिंत स्वतः पुसली, सगळीच. दुसऱ्या दिवशी आमच्या तुकड्याचा अर्ज त्यांनी आपल्या हाताने लिहिला, वर्षभर त्याच्या मागे लागले, आणि बदली होण्याआधी जमीन आमच्या नावावर करून दिली. निघताना मोटारीत बसून रडले. माणूस वाईट नव्हता. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हा मलाही वाईट वाटलं.

सौदा म्हणून पाहिलं तर जिंकलो मीच. पण राग गेलेला नाही. त्यांनी आईवर संशय घेतला, त्याचा राग मी केव्हाच सोडला. ते परके होते, भित्रे होते. मला हेतू बघायला त्यांनी शिकवलं, हे मला सुटत नाही.

आई त्या दुपारबद्दल कधी बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून मला वाढलं की माझ्याच ताटातला एक घास आधी ती खायची, आणि मग ताट पुढे सरकवायची. मी पुष्कळ ओरडलो, एकदा ताट भिरकावलंही. तिने दुसरं वाढलं, त्यातला घास खाल्ला आणि पुढे सरकवलं. मरेपर्यंत.