रंध्यावरचं कुंकू

शेजारच्या मधुकररावांनी निवृत्तीनंतर जुनं बैठं घर नवं करून घेतलं आणि तळघरात स्वतःसाठी सुतारकामाचं वर्कशॉप थाटलं. काल खंडेनवमीला त्यांनी हत्यारांच्या पूजेला बोलावलं. करवती, रंधे, पटाशा देव मांडावेत तशा ओळीने मांडलेल्या, आणि जमिनीवर भुशाचा कणही नाही! ज्या वर्कशॉपात चपला काढून जावं लागतं, तिथे काय डोंबल काम होणार? या माणसांना कष्ट नको असतात, कष्टकऱ्याचा रुबाब तेवढा हवा असतो.

पूजेला अवकाश होता, तेवढ्यात तळघराचंच दार चौकटीत अडकलं. घराचं सगळं लाकूडकाम करणारा नामदेव सुतारही पूजेला आला होता.

"नामदेव, जरा रंधा मार रे," मधुकरराव म्हणाले.

"आज नाही, साहेब. आज माझी हत्यारं पूजेला बसलीत."

"मग इथला घे की!"

नामदेवने फळीवरचा रंधा उचलून उलटा केला. पात्यावर गेल्या वर्षीचं कुंकू जसंच्या तसं होतं. त्याने तो अलगद जागेवर ठेवला.

"आमची एक दिवस बसतात, साहेब," तो म्हणाला. "तुमची गेल्या नवमीपासून उठलीच नाहीत."