ठेवलेली जनावरं

काशीजिजींच्या खोलीत शिरायचं तर आधी दारातली शेळी बाजूला सारावी लागे. सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या चाळीतल्या त्या एवढ्याशा खोलीत दोन शेळ्या, सात-आठ कुत्री, मांजरं आणि एक पोपट राहत. त्यातलं एकही जनावर जिजींचं नव्हतं.

आम्ही सारे खानदेशातले, लूमवर म्हणजे यंत्रमागावर राबणारे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी निघालो की घरचं जनावर जिजींकडे सोडायचं, ही चाळीची रीतच होती. जिजी विधवा, एकट्या. घरबसल्या लूमच्या कांड्यांवर सूत भरत. त्या कुणालाच नाही म्हणत नसत. "दारवर उना जीवले हाकलू कसा रे भाऊ?" गावाहून परतल्यावर जनावर न्यायला मात्र आम्ही सोयीस्कर विसरायचो. काहींचे लूम बंद पडले, ते तर परतलेच नाहीत. मीही माझा राजा नावाचा कुत्रा त्यांच्याकडे सोडला. परत आलो तेव्हा घरात तान्हं बाळ होतं. म्हटलं, आठ दिवस राहू दे. त्या आठ दिवसांची दोन वर्षं झाली.

जिजींची भाकरी एक आणि खाणारी तोंडं वीस. जनावरांच्या बरगड्या दिसू लागल्या. जवळच्याच भेस्तानच्या एका तबेलेवाल्याने शेळ्या मागितल्या. निदान चारा तरी मिळाला असता. जिजी म्हणाल्या, "ठेव शे ती. धनी उना तं काय सांगू?" पुढे कुत्र्याचं एक पिल्लू मेलं. जिजींनी ते गोणपाटाखाली झाकून ठेवलं. "धनीले दखाडसू, मंग गाडसू." त्याचा धनी गावी गेलेला. तिसऱ्या दिवशी वासाने चाळ उठली.

सुरतेत येऊन गेलेल्या प्लेगची धास्ती तेव्हा अजून गेली नव्हती. चाळीत गुजराती लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून महापालिकेला अर्ज मीच लिहिला. 'जनावरे कोंडून उपाशी ठेवतात' असं लिहिताना माझा हात अडखळला नाही, याची आज लाज वाटते.

नोटीस आली, तीही वाचून घ्यायला जिजी माझ्याकडेच आल्या. "काय लिखेल शे रे भाऊ?" मी वाचून सांगितलं: जनावरांचे हाल केल्याबद्दल कारवाई होईल, ज्याचं जनावर असेल त्याने येऊन ताब्यात घ्यावं, बाकीची बेवारस समजून उचलली जातील. जिजींचा चेहरा खुलला. "मंग भ्यानं कसाले? मनाकडे बेवारस कोनी नही. समदासले धनी शेतस."

महापालिकेची गाडी आली त्या सकाळी जिजी दारात उभ्या राहून एकेका जनावराच्या धन्याचं नाव सांगत होत्या आणि साहेब ते पुकारत होता. सारी चाळ ओट्यावर जमलेली. कुणी पुढे झालं नाही. पुढे झालं की हाल केल्याचा ठपका आपल्यावर येणार. मग जिजींनी राजाची दोरी धरली आणि माझ्याकडे बोट केलं. "हाऊ याना शे." राजा मला पाहून शेपूट हलवत होता.

"आ तमारो छे?" साहेबाने विचारलं.

"मारो नथी," मी नाकारलं, तेही गुजरातीत, जिजींना कळू नये म्हणून. अर्धा जन्म सुरतेत काढलेल्या बाईला ते कळलं.

त्यांनी राजाच्या गळ्यातली दोरी सोडून आत खुंटीला लावली, आणि गाडी सगळी जनावरं घेऊन गेली.

पुढच्या आखाजीला पिशवी घेऊन मी निघालो. रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात जिजी कांड्या भरत बसल्या होत्या. आत खुंटीला दोऱ्या तशाच लटकत होत्या.

"गावले चालना का भाऊ?" त्यांनी विचारलं. "काही ठेवानं शे का?"