ग्लाउसियाबाईंची जखम

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या टेकडीवर कुणी दार ठोठावत नाही, फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवतात. आरोग्यसेविका इव्होनेतने आज पायथ्याच्या घरासमोर टाळ्या वाजवल्या, पण फाटक उघडेना.

आत ग्लाउसियाबाई होत्या. पूर्वी दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसायच्या. इव्होनेतच्या तापाने फणफणलेल्या आईला त्यांनी परत पाठवलं होतं, "टेकडीवाल्यांना पत्ता नसतो, जा!" म्हणून. आई उपचारांविना घरातच वारली. त्याच रागाने इव्होनेतने हे काम धरलं आणि टेकडीवरचं घर न् घर गाठून आजारी माणसं त्या खिडकीसमोर नेऊन उभी केली. आता निवृत्त बाईंचाच पाय मधुमेहाने चिघळला होता आणि हे घर इव्होनेतच्या वाट्याला आलं होतं.

"चालती हो! सूड उगवायला आलीस ना?"

"मग काय, नाचायला? उघडा बाई, पाय सडेल."

"सडू दे!"

"असं कसं? तुम्ही मेलात तर मी कुणाला छळू? रोज येणार, रोज पट्टी बांधणार, ठणठणीत करून सोडणार."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. जखम धुताना बाईंनी हळूच विचारलं, "काय नाव होतं तुझ्या आईचं?"

"सेबास्तियाना. पाठ करून ठेवा, उद्या विचारीन."