वयात शंभर मिळवायचं

शाळंत मी गेलोच न्हाय, पर एक गणित मला पाठ हुतं. टॉवेलच्या कारखान्यात मागावर हुतो, तवा एका म्हाताऱ्या कामगारानं शिकवल्यालं. मान्साचं जेवढं वय, त्यात शंभर मिळवायचं, तेवढं बीपी चालतंय. एवढ्या एका गणितावर मी आक्ख्या गल्लीचा डाक्टर झालो. चाळिशीचा कोन आला की म्हनायचो, "एकशेचाळीस? मस्त हाय की! जा, भजी खा." लोकं हसायची आन भजी खायची.

मग बायकोचं एकशेसाठ निगालं. दवाखान्यातल्या सिस्टरनं दंडाची पट्टी सोडली आन गोळ्या दिल्या. "मावशी, वय वाढलं की रक्ताच्या नळ्या कडक होतात, वरचा आकडा चढतो. रोज एक घ्यायची. चुकवायची नाही."

मी मदीच घुसलो, "कडक व्हनारच की सिस्टर, जल्मभर कडक भाकऱ्या थापल्यात तिनं!"

समदा दवाखाना हसला. बायको न्हाय हसली.

घरी आल्यावर इचारलं, "तुजं वय किती?"

"बासष्ट. का, दुसरी बघायलाव काय?"

"बासष्टात शंभर मिळव. तुजं दोन कमीच हाय की. कशाला गोळी खातीस?"

"अवो, सिस्टर रोज घ्या म्हनल्यात."

"सिस्टरचं वय काय, माजं काय! डोकं दुकलं तर घे."

चाळीस वर्सांत तिनं माजं कदी ऐकलं न्हाय. हे तेवढं ऐकलं. आन डोकं काय दुकलंच न्हाय.

एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात पिठातच थांबला. बघतो तर तोंड वाकडं. मला वाटलं, मला येडावून दाखवायलीय. म्हनून मीबी तोंड वाकडं करून दाखवलं. लई येळ तसाच बसलो हुतो तिच्यापुडं.

मोठ्या दवाखान्यात डाक्टरनं इचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" शाळंतल्या पोरावानी मी हात वर केला.

आता ती बोलत न्हाय. हात तसाच पडून हाय. भाकऱ्या मी थापतो, हिकडं जाड, तिकडं फाटल्याल्या. सकाळी आदी गोळी, मग दुधात कुस्करून भाकरी भरवतो. एक दिवस चुकवत न्हाय. आता.

परवा ताट तिच्यापुडं धरलं आन म्हनलं, "बघ की, ह्येला भाकरी म्हनत्यात व्हय? दे की एक शिवी."

थांबलो.

तिनं डाव्या हातानं तोंड पुसलं आन भिताडाकडं वळली.