दाजींच्या दारावरचा कडुलिंब

स्वतःच्या घरात शिरताना परवानगी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या घरातले दाजी. कामावरून आले की उंबऱ्याबाहेर पायताण काढायचे, एकदा खाकरायचे आणि विचारायचे, "यिऊ का?" आतून अनुसयाबाईंचा "या की" आला की मगच पाऊल आत पडायचं. लग्न होऊन मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत आले, तेव्हा मला वाटलं समोर कुणी पाव्हणे उतरलेत. पण हे पाव्हणे रोज संध्याकाळी येतात आणि सकाळी त्याच घराच्या पायरीवर बसून राखुंडीनं दात घासतात, हे पाहिल्यावर उलगडा झाला.

अनुसयाबाई त्याच गल्लीतल्या. सासुरवाडीतच बिऱ्हाड केलेल्या माणसाला सगळ्यांचा दाजी होण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यांचं खरं नाव मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. उंच, हाडापेराचा माणूस. आवाज असा की पलीकडच्या बोळातली कुत्री उठून बसावीत. संस्थानच्या पागेत घोडी शिकवायचं त्यांचं काम. ते म्हणायचे, "लगाम आदी दाखवावा, हुंगू द्यावा, मग तोंडात घालावा. जबरदस्तीनं घातला तर घोडं चालतंय, पर मनातनं गेलेलं असतंय."

हा नियम त्यांनी घोड्यांपुरता ठेवला नव्हता. माझा मुलगा झाला तेव्हा ते ओसरीवर यायचे आणि पाळण्यात वाकून त्यालाच विचारायचे, "घिऊ का रं?" पोर हसलं तर उचलायचे. रडलं तर हात मागं घेऊन मला म्हणायचे, "न्हाय म्हनालंय मास्तरीणबाई, ऱ्हाऊ दे." माझे यजमान हायस्कुलात शिक्षक, म्हणून मी मास्तरीणबाई.

पुढे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आमच्या घरी यजमानांनी पेढे आणले. दाजींच्या हातावर पेढा ठेवत ते म्हणाले, "आता राज्य तुमचं, दाजी. यापुढं सगळं तुम्हाला विचारून होणार." दाजींनी पेढा फडक्यात बांधला, खाल्ला नाही. "इचारतील तवा खरं, मास्तर. राज्य ग्येलं त्येचं एवडं न्हाय. एवडं मोठं राज्य उचलून दुसऱ्यात घातलं, तर गल्लीत येऊन कुनी एका शब्दानं इचारलं का?" महिन्याभरात पागा मोडली. दाजींची लाडकी घोडी कुणीतरी ट्रकमध्ये चढवून नेली. दाजी दुसऱ्याचा टांगा चालवू लागले.

त्यांना दोन मुलं. मारुती दुसरीत होता आणि रंगू अजून रांगत होती. त्या उन्हाळ्यात मारुतीला मुदतीचा ताप आला. पोरगं वाचलं, पण वाळून काटकी झालं. शाळा उघडली तेव्हा दप्तर उचलायचंही त्राण नव्हतं, म्हणून दाजी स्वतः टांग्यातून त्याला सोडून आले. नेमके त्याच दिवशी देवीची लस टोचणारे शाळेत आले. शिपायानं फाटकाला कुलूप घातलं आणि वर्गच्या वर्ग बाह्या वर करून रांगेत उभा केला. "मी आजारी हुतो," असं मारुती म्हणाला म्हणे. रांगेत टोचणी चुकवायला प्रत्येक पोर काहीतरी म्हणतच असतं. त्याचं कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी त्याचा दंड सुजला आणि अंग तापलं. आठवड्याच्या आत मारुती गेला.

डॉक्टरांचं म्हणणं, जुना ताप उलटला, लशीचा काही संबंध नाही. यजमानांनी दाजींना ते समजावून सांगितलं. दाजी ऐकत होते. मग म्हणाले, "आसंल की. डाक्टर खोटं कशाला बोलतील? पर मला इचारलं असतं, तर मी न्हाय म्हनलो नसतो, मास्तर. थांबा म्हनलो असतो. पोरगं आत्ताच तापातनं उठलंय, म्हैनाभर थांबा. एवडंच बोलायचं हुतं मला."

हेच बोलायला ते कचेरीत गेले. दिवसभर बाकावर बसल्यावर साहेबांनी आत घेतलं आणि सांगितलं, "अहो, प्रत्येकाला विचारत बसलो तर साथ थांबेल का?" दाजींनी ते वाक्य जसंच्या तसं गल्लीत येऊन सांगितलं. ऐकताना मला साहेबांचा संताप आला आणि त्याच वेळी वाटलं, हेही खोटं नाही. आमच्या माहेरी माझ्या दोन आत्या देवींनी गेल्या होत्या. पण मारुतीच्या बापासमोर हे कुठल्या तोंडानं बोलायचं?

एकदा सासऱ्यांनी आठवण दिली, "दाजी, टोचणं संस्थानातही होतंच की." दाजी उसळले. "हुतं की! पर तवाचा देवीवाला पायरीवर बसायचा, तांब्याभर पानी प्यायचा, पोराचं पोट, नाक, डोळं बघायचा, मग आईला म्हनायचा, टोचू का बाई?" तो देवीवाला खरंच तसा सालस होता, की दाजींनी पागेबरोबर त्यालाही सोन्याचा मुलामा दिला होता, देव जाणे. गेलेल्या राज्यात सगळंच चांगलं असतं.

दोनेक वर्षांनी शहरात देवींची साथ आली. टोचणारे घरोघर फिरू लागले. आता कायद्यानं सक्ती होती आणि बरोबर पोलीसही असे. मी माझ्या मुलाला टोचून घेतलं. त्या दुपारी अनुसयाबाई मागच्या दारानं आल्या. फार कमी बोलणारी बाई. बाळाचा दंड बघून म्हणाल्या, "लई रडला का?" मग जरा थांबून, "आमच्या रंगूला बी आनू काय? तुमच्यासंगं जाऊन टोचून येतो." मी लगेच लुगडं बदलायला उठले, तेवढ्यात त्यांचाच धीर सुटला. "नको. त्यास्नी न इचारता कसं करू? आमच्या घरात तसं न्हाय." त्यांनी रात्री विचारलं. दाजी एकच शब्द बोलले, "न्हाय." त्यावर तुला काय वाटतं, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

टोचणाऱ्यांना परतवायची दाजींनी जी युक्ती काढली, ती आमच्याकडच्या माणसालाच सुचावी. ज्या घरात देवी येतात त्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधतात. मग परका माणूस उंबरा ओलांडत नाही, घरात फोडणी पडत नाही, मोठ्यानं कुणी बोलत नाही. मूल आजारी नसतं, देवी मुक्कामाला असते. टोचणारे पेठेत आल्याचं कळलं की दाजी दारावर डहाळा बांधायचे. बरोबरचा शिपाई इथलाच. डहाळा दिसला की तो रस्त्यातूनच हात जोडायचा आणि कागदावर काही लिहू न देता टोचणाऱ्याला पुढं घेऊन जायचा. एकदा आतून ठणठणीत रंगू ओरडली, "आये, मला भूक लागलीया!" शिपायानं पुन्हा हात जोडले आणि म्हणाला, "देवी मागालीया बाई, दहीभात द्या." गल्ली आठवडाभर हसत होती.

माझ्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दाजींना ओसरीवर बोलावून घेतलं. "दाजी, सगळ्यांना विचारता तुम्ही. देवीचं नाव घेऊन डहाळा बांधताना तिला विचारलंत का?" दाजींनी मान खाली घातली. पण पुढच्या खेपेला डहाळा बांधलाच. एक पोर गमावलेला बाप दुसऱ्यासाठी देवाशीही खोटं बोलेल, हे मला तेव्हा कळत होतं. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

चैत्रात पुन्हा डहाळा दिसला. "आज कोन साहेब येनार हाय, दाजी?" असं येता-जाता लोक विचारू लागले. दाजी दार लोटून आत जायचे. थट्टेत दोन-तीन दिवस निघून गेले. मग माझ्या लक्षात आलं, पेठेत टोचणारे आलेलेच नाहीत. मी समोर गेले. अनुसयाबाई रंगूच्या उशाशी बसून लिंबाच्या पाल्यानं वारा घालत होत्या. पोरीचा चेहरा ओळखू येत नव्हता. अनुसयाबाई म्हणाल्या, "ह्या खेपेला खरं हाय."

बातमी लपण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली. साथीच्या रोग्याला गावाबाहेरच्या दवाखान्यात न्यायचा हुकूम होता. गाडीतून एक तरुण डॉक्टर उतरला आणि मागून त्याला दाजींबद्दल काही सांगत पोलीस. दाजी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभे होते. सगळी गल्ली बघत होती. आता हा माणूस तुरुंगात जाणार, असं मला वाटलं.

डॉक्टरनं पोलिसाला मागं थांबवलं. बूट काढले. उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहून म्हणाला, "दाजी, मुलीला नेऊ का? आईला मी सोबत राहू देईन. तिथं देखभाल होईल. तुम्ही सांगा."

ज्या प्रश्नाची दाजींनी इतकी वर्षं वाट पाहिली, तो दारात येऊन उभा होता आणि ते डॉक्टरनं काढून ठेवलेल्या बुटांकडे बघत होते. मला बघवेना.

तेवढ्यात आतून अनुसयाबाई आल्या. रंगूला वाकळेत गुंडाळून छातीशी धरलं होतं. त्या डॉक्टरला म्हणाल्या, "न्ह्या. मी बी येतो संगं."

"आगं, थांब जरा—" दाजी म्हणाले.

"किती थांबू?" त्या बाईचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "सरकारनं तुमास्नी इचारलं न्हाय म्हनून गावभर सांगितलासा. मला कुनी इचारलं? सरकारनं न्हाय आनि तुमी बी न्हाय. आई हाय मी तिची. सरा बाजूला."

दाजी बाजूला सरले.

दवाखान्याच्या कुंपणाच्या आत फक्त आईला जाता येत होतं. दाजी बाहेर बाभळीखाली बसून राहायचे. यजमान डबा घेऊन जायचे तेव्हा ते विचारायचे, "आत काय चाललंय, कळलं का मास्तर?" रंगू वाचली नाही. डॉक्टर म्हणाला, आधी आणली असती तरी वाचलीच असती, असं नक्की सांगता आलं नसतं. टोचली असती तर बहुधा हे झालंच नसतं. तो हे अनुसयाबाईंशी बोलला. दाजींना सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी ते केव्हा आणि कसं केलं, मी कधी विचारलं नाही.

त्या घरातून भांडण ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दाजी सरकारबद्दल बोलायचे थांबले. निवडणूक आली, यजमान त्यांना मतदानाला घेऊन गेले. दाजी गेले आणि आले. पुढच्या साथीत गल्लीतल्या बायका आपापली पोरं घेऊन टोचणाऱ्यांपुढं उभ्या राहिल्या. दाजी पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

काही वर्षांनी ते गारगोटीजवळच्या आपल्या गावी कायमचे निघाले. टांग्यात सामान चढलं होतं. निरोप घ्यायला दाजी आमच्या ओसरीवर आले. माझा मुलगा उघड्या अंगानं अंगणात खेळत होता. त्यांनी त्याला जवळ घेतलं. दंडावरचे लशीचे गोल व्रण त्यांना दिसले. त्यावर अंगठा ठेवून ते बराच वेळ बसले. डोळे भरून आले होते ते मी पदरानं पुसले.

"माझं बी खरं हुतं, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "आनि त्येंचं बी खरं हुतं. मदल्यामदी माझी पोरं ग्येली."

अनुसयाबाई केव्हाच्या टांग्यात बसल्या होत्या. दाजी सावकाश उठले आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसले.